पन्नास हर्ट्झचा पत्रव्यवहार : द्राक्ष छाटणीच्या एका अभ्यासाचं प्रकरण

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनातला पत्रव्यवहार शिकवताना मी हे प्रकरण वापरते. संबंधितांच्या परवानगीने नावं काढली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पत्रं मुळात इंग्रजीत होती. इथे त्यांचा आशय मराठीत दिला आहे.

अभ्यास काय होता

नाशिकच्या एका महाविद्यालयात फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीने प्रबंधाचा विषय घरातूनच उचलला. निफाड तालुक्यात वडिलांची द्राक्षबाग, त्यामुळे छाटणीच्या टोळ्या तिने लहानपणापासून पाहिलेल्या. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू झाली की पेठ, सुरगाण्याकडून मजूर येतात. दिवसभर मंडपाखाली हात वर धरून सिकेटर चालवायचा. काडीवरचे डोळे मोजायचे, कात्री दाबायची, पुढची काडी. काम उक्तं असल्यामुळे कुणी थांबत नाही. संध्याकाळी यातले काही जण पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरतात, हे तिच्या लक्षात होतं. हा थकवा हाताच्या स्नायूत मोजता येईल का, एवढाच तिचा प्रश्न होता.

मोजायचं साधन म्हणजे सरफेस इएमजी, स्नायूत उठणारी वीज त्वचेवरून टिपण्याची पद्धत. कोपराखाली बोटं मिटणाऱ्या स्नायूंवर त्वचेला दोन इलेक्ट्रोड चिकटवायचे. दोन्हींच्या केंद्रांत २० मिलिमीटर अंतर ठेवायचं, ही युरोपातल्या सेनियाम शिफारशींमधली रीत. मजुराने हँडग्रिप डायनॅमोमीटर, म्हणजे मुठीचा जोर मोजणारं यंत्र, आपल्या कमाल ताकदीच्या निम्म्या जोराने दाबून धरायचा, जमेल तितका वेळ. या वेळात स्नायूंतून जो विजेचा गोंगाट निघतो त्याची ऊर्जा साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला २० ते ४५० लाटा या टप्प्यात, पसरलेली असते. या ऊर्जेचे बरोबर दोन समान भाग करणारी वारंवारता म्हणजे मीडियन फ्रिक्वेन्सी. ताज्या स्नायूत विद्युतलहर तंतूवरून सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने धावते. स्नायू थकला की हा वेग मंदावतो, लहरी पसरट होतात आणि मीडियन फ्रिक्वेन्सी खाली घसरते. या शास्त्रात जी थोडी विधानं बिनघोर करता येतात, त्यांतलं हे एक आहे.

प्रबंधाचा आराखडा म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेला, नीतिशास्त्र समितीची मंजुरी आली, संमतिपत्रं मराठीत तयार झाली. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. विश्लेषणासाठी तिने अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने सर्वांसाठी खुला ठेवलेला प्रोग्रॅम घेतला. कच्चा सिग्नल आत टाकायचा, दर सेकंदाची मीडियन फ्रिक्वेन्सी बाहेर येते.

हंगामभर ती नाशिकच्या द्वारका चौकातून पिंपळगावची गाडी धरून जात राहिली. मोजमाप बागेतल्या शेडमध्येच होई, कामाच्या आधी एकदा आणि काम सुटल्यावर एकदा. लॅपटॉप, त्याला जोडलेला इएमजीचा डबा, वर पंखा, भिंतीला ट्यूबलाइट, आणि शेजारच्या खोलीत मोटारीचा स्टार्टर.

सपाट रेघ

प्रोग्रॅमने दिलेले आकडे पाहून मार्गदर्शक सर आधी चक्रावले आणि मग खूश झाले. सगळ्या मजुरांची सरासरी काढली तर मीडियन फ्रिक्वेन्सी जवळजवळ घसरतच नव्हती. हात थरथरतोय, माणूस डायनॅमोमीटर सोडून देतोय, आणि आलेख मात्र आडवा.

सरांनी यातून अर्थ काढला तो असा, की वर्षानुवर्षं छाटणी करणाऱ्यांचा स्नायू इतका सरावलेला असतो की प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांवर बेतलेला नियम त्यांना लागू होत नाही. सर शिकवतात छान, आणि स्नायूशास्त्राच्या इतिहासातली त्यांची आवडती गोष्ट लुंड्सगार्डची. स्नायूच्या आकुंचनामागे लॅक्टिक आम्ल तयार होणं हीच मूळ क्रिया आहे, असं १९२०च्या दशकात मानलं जाई. हिल आणि मायरहॉफ यांना १९२२चं नोबेल मिळालं ते याच क्षेत्रातल्या कामासाठी. मग १९३०मध्ये कोपनहेगनच्या आयनार लुंड्सगार्डने, तेव्हा तिशीच्या आसपास असलेल्या माणसाने, आयोडोअॅसिटिक आम्ल देऊन स्नायूतलं लॅक्टिक आम्ल बनणंच बंद केलं. स्नायू तरीही काही काळ आकुंचन पावत राहिला, आणि त्या काळात त्याच्यातलं फॉस्फोक्रिएटिन हे ऊर्जा साठवणारं रसायन खर्च होत गेलं. १९३२मध्ये खुद्द हिलने आढावा लिहिला आणि मथळ्यातच त्याला स्नायूशास्त्रातली क्रांती म्हटलं.

ही गोष्ट वर्गात सांगायला उत्तम आहे. पण ती मनात घट्ट बसलेला माणूस प्रत्येक विचित्र आलेखात लुंड्सगार्ड शोधू लागतो. सरांचं तसंच झालं, असं मला वाटतं. राज्य पातळीवरच्या एका परिषदेत या निष्कर्षाचा सारांश पाठवला गेला, स्वीकारला गेला आणि स्मरणिकेत छापलाही गेला. त्यानंतर सरांनी ठरवलं, प्रोग्रॅम ज्यांचा त्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनाच कळवू.

पहिलं पत्र

हे पत्र सरांनी लिहिलं आणि विद्यार्थिनीच्या नावाने गेलं. सुरुवातीचा परिच्छेद प्राध्यापकांच्या थोरवीचा. दुसरा महाविद्यालयाच्या आणि विभागाच्या वाटचालीचा. तिसऱ्यात असं की आपल्या कार्याने प्रेरित होऊन आम्ही हा अभ्यास केला, आमच्या निष्कर्षांत प्रस्थापित मतापेक्षा वेगळं चित्र दिसतं, तरी कृपया आपलं बहुमूल्य मार्गदर्शन मिळावं आणि शक्य असल्यास आपल्या मूळ नोंदीही पाठवाव्यात. सोबत एक स्तंभालेख, सकाळचा आणि संध्याकाळचा.

उत्तर आलं नाही. आठवडे गेले. सरांनी आठवणीचं पत्र पाठवलं, तेही तसंच हवेत विरलं. विभागात चर्चा अशी, की लहान गावातल्या माणसाला कोण विचारतो.

मला हे कारण पटत नाही. ते पत्र उघडणाऱ्या माणसाच्या जागी बसून पाहा. त्याला काय करायला सांगितलंय? मार्गदर्शन करा. कशाबद्दल? ते पत्रात नाही. इलेक्ट्रोड कुठे लावले, नमुने सेकंदाला किती घेतले, कोणते फिल्टर वापरले, यातलं काहीच नाही. इएमजीच्या नोंदी कशा कळवाव्यात याचे मानदंड या क्षेत्रात ठरलेले आहेत आणि हे सगळे तपशील त्यात पहिल्या ओळींत येतात. स्तंभालेखावरून तर कुणालाच काही सांगता येणार नाही, कारण त्यात माणसंच उरलेली नाहीत. वर मूळ नोंदी मागितल्या आहेत. अनोळखी माणसाने आपल्या नोंदी काहीच न दाखवता दुसऱ्याच्या मागाव्यात, हे कोणत्याही गावाहून आलं तरी खटकतंच. नम्रता पत्रात भरपूर होती, पण उत्तर देता येईल असा प्रश्न एकही नव्हता.

पुण्याच्या बाई

विद्यार्थिनीच्या पदवीच्या काळातल्या एका शिक्षिकेच्या ओळखीने पुण्यातल्या एका निवृत्त प्राध्यापिकेचा नंबर मिळाला. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. बेडकाचा स्नायू आणि काजळी लावलेला फिरता ड्रम या काळापासूनच्या त्या. सगळे त्यांना बाई म्हणतात. विद्यार्थिनीने व्हॉट्सअॅपवर तोच स्तंभालेख पाठवला. बाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं: ‘अगं, हे खांब नकोत मला. एक माणूस दाखव. पाठवू नकोस काही, फोनवर पडदा दाखव.’

व्हिडिओ कॉलवर तिने एका मजुराचा कच्चा सिग्नल लावला. बाईंनी मूठ दाबल्यानंतरचा भाग पाहिलाच नाही. त्यांनी विचारलं, मूठ दाबायच्या आधी हा माणूस स्वस्थ बसलाय ते कुठे आहे? प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला विश्रांतीचे काही सेकंद घ्यायचे, हे पद्धतीत होतंच आणि तिने ते इमानेइतबारे घेतले होते. फक्त पाहिले कधी नव्हते, कारण प्रोग्रॅम ते वगळून पुढे जाई.

विश्रांतीच्या सेकंदांत जवळजवळ सपाट रेघ दिसायला हवी. तिथे एक अत्यंत सुबक लाट होती, एकसारखी, न थकणारी. बाई म्हणाल्या, एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंत अंतर मोज. वीस मिलिसेकंद. पुढचं? वीस. त्याच्या पुढचं? वीसच.

‘इतकं नेमकं काम स्नायू करत नाही, बाळा. हे महावितरण आहे.’

वीस मिलिसेकंदांची एक लाट म्हणजे सेकंदाला पन्नास, भारतातल्या घरगुती विजेची वारंवारता. ती शरीरात आणि तारांत शिरते हे प्रत्येक इएमजीवाल्याला ठाऊक असतं आणि बहुतेक प्रोग्रॅम ती एका अरुंद नॉच फिल्टरने, म्हणजे तेवढीच वारंवारता गाळणाऱ्या चाळणीने, कापतात. हाही कापत होता. विद्यार्थिनीने त्या रात्री प्रोग्रॅमचा मजकूर उघडून ओळीनुओळ वाचला. फिल्टरच्या ओळीत आकडा होता साठ.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. जपानमध्ये तर एकाच देशात पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६०. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो आपल्या प्रयोगशाळेसाठी लिहिला होता आणि साठ हा आकडा त्याने थेट ओळीत टाकला होता. सोबतच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. म्हणजे निफाडच्या नोंदींतून तो ६० हर्ट्झजवळचा स्नायूचा खरा सिग्नल कापून टाकत होता आणि विजेच्या तारांतून शिरणारी ५०ची गुणगुण तशीच राहू देत होता.

आता सपाट रेघेचा उलगडा होतो. गुणगुण नोंदभर तेवढ्याच जोराची राहते. मूठ दाबून धरल्यावर मात्र थकत जाणाऱ्या स्नायूला तोच जोर टिकवायला आणखी तंतू कामाला लावावे लागतात आणि इएमजीचा आवाका वाढत जातो. त्यामुळे एकूण सिग्नलमधला गुणगुणीचा वाटा सुरुवातीला मोठा आणि शेवटी लहान. सुरुवातीला ती मीडियन फ्रिक्वेन्सीला पन्नासकडे, म्हणजे खाली ओढते, आणि शेवटी सोडून देते. स्नायू स्वतः वरून खाली येत असतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि आलेख आडवा दिसतो. छाटणीच्या दिवसांत मजुरांच्या हातावर सालीची धूळ आणि बोर्डो या बुरशीनाशकाचे डाग असत. स्पिरिटचा एक बोळा फिरवून ती त्वचा इलेक्ट्रोडसाठी नीट तयार होत नाही, आणि अशा त्वचेवर गुणगुण जास्त बसते. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा होता, म्हणजे अर्थिंग नावालाही नाही. अंगाला इलेक्ट्रोड लावलेला माणूस अशा जोडणीत बसवणं सुरक्षेच्या दृष्टीनेही बरोबर नाही, हे बाईंनी त्याच फोनवर वेगळं आणि कडक शब्दांत सांगितलं.

दुसरं पत्र

या वेळी पत्र विद्यार्थिनीने स्वतः लिहिलं आणि प्रतीत सरांना ठेवलं. माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं सर्वांत जास्त याच पत्रात आहे, म्हणून ते जवळजवळ पूर्ण देते.

विषय: आपल्या प्रोग्रॅममधला ६० हर्ट्झचा नॉच आणि ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावरच्या नोंदी.

‘आदरणीय प्राध्यापक, मी नाशिक, भारत येथे पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. द्राक्षछाटणी करणाऱ्या कामगारांच्या मुठीच्या थकव्यासाठी मी आपला खुला प्रोग्रॅम वापरला. त्यातल्या फिल्टरच्या ओळीत ६० हा आकडा थेट लिहिलेला आहे. आमच्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा आहे. सोबत एकच आकृती आहे: माझ्या स्वतःच्या हाताची, विश्रांतीतली नोंद आणि तिचा वारंवारता-आलेख, त्याच शेडमध्ये घेतलेली. ५०वर टोक दिसतं आणि ६०वर खड्डा. इलेक्ट्रोडमधलं अंतर, नमुन्यांचा वेग आणि जोडणी आकृतीखाली लिहिली आहे. माझे दोन प्रश्न आहेत. एक, हा आकडा ५० केल्यास प्रोग्रॅममध्ये आणखी कुठे बदल करावा लागतो का? दोन, आधी घेतलेल्या नोंदी अशा दुरुस्तीने वापरण्याजोग्या होतील असं आपल्याला वाटतं का? कामगारांच्या संमतिपत्रात परदेशी नोंदी पाठवण्याची परवानगी घेतलेली नाही, म्हणून त्यांच्या नोंदी पाठवू शकत नाही. माझ्या स्वतःच्या हाताच्या हव्या तेवढ्या पाठवते.’

स्वतःचा हात पुढे करण्याची युक्ती मला फार आवडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनी संमती आणि माहितीची देवाणघेवाण यांवर सविस्तर लिहिलं आहे, पण व्यवहारात अशा वेळी लोक एकतर नोंदी तशाच पाठवून मोकळे होतात, नाहीतर समितीचं नाव सांगून पत्रच टाळतात. तिने तिसरी वाट काढली आणि कारणही मोकळेपणाने सांगितलं.

पत्र जाण्याआधी विभागात खटका उडाला होता. पुढल्या पत्रांचा सूर त्यातूनच ठरला, म्हणून तो सांगायला हवा. सरांची हरकत दोन गोष्टींना होती. विद्यार्थिनीने थेट लिहिणं ही पहिली. ती लवकर मिटली, कारण आधीच्या पत्रावर नाव तिचंच होतं. दुसरी हरकत मसुद्यातल्या एका वाक्याला होती. मूळ मसुद्यात शेडमधली जोडणी, बिनअर्थिंगचा चार्जर, अधूनमधून जाणारी वीज, सगळं लिहिलं होतं. सर म्हणाले, ‘आपल्याकडची वीज खराब, हे बाहेर कशाला सांगायचं? आधीच ते लोक आपल्याला काय समजतात.’ ती म्हणाली, ‘सर, वीज खराब नाही म्हटलं तर मग माझं मोजणं खराब होतं असं म्हणावं लागेल. दोन्हीतलं काय आहे ते त्यांना कळायला नको का?’ शेवटी चार्जर राहिला आणि वीज जाण्याचं वाक्य गळलं. सरांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. बाहेरचे लोक तसं समजतात, हे खरंच आहे. पण गळलेलं वाक्यच नेमकं पुढे अडचणीचं ठरलं.

उत्तर आणि उलटा प्रश्न

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. प्राध्यापकांनी आढेवेढे न घेता लिहिलं होतं की आकडा थेट ओळीत ठेवणं आणि त्याचा उल्लेख न करणं ही त्यांच्या प्रयोगशाळेची चूक आहे आणि पुढच्या आवृत्तीत तो वापरणाऱ्याने निवडायचा असेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: बदल आणखी कुठे नाही.

मग त्यांनी असं काही लिहिलं की पत्रव्यवहार चुकीची दुरुस्ती एवढ्यापुरता राहिला नाही. साठच्या जागी पन्नास लिहून थांबू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. ५० हर्ट्झच्या आसपासच स्नायूची बरीच ऊर्जा असते. नॉच फिल्टर गुणगुणीबरोबर तीही कापतो, म्हणून जाणकार तो टाळायला सांगतात. गुणगुण जिथून येते तिथेच बंद करा: लॅपटॉप बॅटरीवर चालवा, पंखा आणि ट्यूब बंद ठेवा, त्वचा नीट तयार करा. शिवाय सकाळच्या आणि संध्याकाळच्या नोंदींची तुलना करताना त्वचेचं तापमान घेतलं होतं का? गार स्नायूत लहरींचा वेग कमी असतो. दिवसभर उन्हात राहिलेल्या हातात तो वाढलेला असणार आणि त्यामुळे संध्याकाळचा थकवा झाकला जाईल. तिने तापमान घेतलं नव्हतं.

शेवटी उलटा प्रश्न: तुमच्या सगळ्या नोंदी एकाच वीजपुरवठ्यावर घेतल्या आहेत का?

तिने पुन्हा स्वतःची वही काढली. शेताकडच्या लाइनला थ्री फेज ठरावीक तासच मिळते आणि मधे केव्हाही वीज जाते. असं झालं की शेड इन्व्हर्टरवर चाले. ती प्रत्येक नोंदीसमोर हवा, वेळ आणि काही वेगळं घडलं तर तेही लिहीत असे. काही पानांवर समासात लिहिलेलं होतं: ‘लाइट गेली, इन्व्हर्टर.’ त्या तारखांचे आलेख तिने वेगळे काढले. सरासरीत ते बुडून गेले होते. त्यांत मीडियन फ्रिक्वेन्सी छान घसरत होती, अगदी पुस्तकात असते तशी, किंबहुना जास्तच.

या नोंदी ‘चांगल्या’ निघाल्या म्हणून तिला आणि सरांना आधी हायसं वाटलं. मोजक्या का होईना, पण वापरता येतील. तिने तसं लिहून विचारलं आणि इन्व्हर्टरवर घेतलेली स्वतःच्या हाताची विश्रांतीतली नोंद सोबत दिली. उत्तर आलं: त्या तर आणखी वाईट आहेत.

शेडमधला इन्व्हर्टर स्वस्तातला, स्क्वेअर वेव्हचा होता. चौकोनी लाटेत ५०बरोबर तिच्या विषम पटीही असतात: १५०, २५०, ३५०. हवेतून अंगात शिरणारी गुणगुण जितकी वरच्या वारंवारतेची तितकी सहज शिरते, त्यामुळे या वरच्या पटी नोंदीत चांगल्याच जोरात उतरल्या होत्या. त्या मीडियन फ्रिक्वेन्सीला सुरुवातीला वर ओढत आणि इएमजीचा आवाका वाढला की सोडून देत. म्हणजे घसरण खऱ्यापेक्षा मोठी दिसे. महावितरणच्या विजेवर थकवा पुसला जात होता आणि इन्व्हर्टरवर तो फुगत होता. पन्नासचा नॉच लावला असता तर सपाट नोंदी थोड्या सुधारल्या असत्या, पण इन्व्हर्टरच्या नोंदी जशाच्या तशा राहिल्या असत्या आणि पुस्तकाशी जुळतात म्हणून कुणाला संशयही आला नसता.

वीज जाण्याचं ते वाक्य पत्रात राहिलं असतं तर हा प्रश्न एक फेरी आधीच निघाला असता. सरांनी पुढच्या पत्रात ते स्वतः घातलं, इन्व्हर्टरच्या मॉडेलसकट.

श्रेय कुणाचं

यानंतर प्राध्यापकांनी सुचवलं की ५० आणि ६० हर्ट्झच्या पुरवठ्यावरचा हा फरक एका छोट्या टिपणात दोन्ही बाजूंनी मिळून मांडता येईल. सरांना ही सूचना फार आवडली आणि लगेच लेखकांच्या क्रमाची बोलणी सुरू झाली. बाईंचं नाव घ्यायचं का, हा प्रश्नही आला. बाईंनी नकार दिला. वीस मिलिसेकंद मोजायला सांगणं हे संशोधन नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटत नाही, पण त्यांच्यापुढे कोण बोलणार.

दोन ठिकाणचे लोक एकाच गोष्टीशी पोचले की काय करावं, याचं स्नायूशास्त्रातलं गाजलेलं उदाहरण सरांनीच त्या बैठकीत दिलं आणि ते चपखल होतं. अँड्र्यू हक्सली आणि ह्यू हक्सली, एकमेकांचे कुणीही नसलेले दोघे. एकजण केंब्रिजमध्ये नीडरगेर्केबरोबर बेडकाचे जिवंत तंतू पाहत होता, दुसरा अमेरिकेत एमआयटीमध्ये जीन हॅन्सनबरोबर सशाच्या स्नायूतले सुटे केलेले तंतुक. स्नायूच्या तंतूवर आलटून पालटून गडद ए-पट्टे आणि फिकट आय-पट्टे दिसतात; आकुंचनात ए-पट्ट्याची लांबी तशीच राहते आणि आय-पट्टा आखडतो, हे दोघांनाही दिसलं. १९५३च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होलला दोघांची भेट झाली, एकमेकांचं काम कळलं, आणि दोन्ही लेख ‘नेचर’च्या २२ मे १९५४च्या अंकात एकापाठोपाठ छापले गेले. कुणी कुणाला मागे टाकलं नाही. स्नायूचे तंतू एकमेकांवरून सरकतात, हे आज शाळेत शिकवलं जातं ते तिथून.

नाशिकच्या टिपणाचा आवाका अर्थातच फार लहान आहे. लेखकांत पहिलं नाव विद्यार्थिनीचं, शेवटचं प्राध्यापकांचं, सरांचं मधे, असं ठरलं. कामगारांची एकही नोंद त्यात नसेल. दोन्ही ठिकाणच्या संशोधकांचे स्वतःचे हात, दोन्ही प्रकारचा पुरवठा आणि बॅटरी, एवढंच.

सध्याची स्थिती

ऑक्टोबरच्या सगळ्या नोंदी प्रबंधातून काढल्या. एप्रिलच्या खरड छाटणीत, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या छाटणीत, नव्याने मोजमाप झालं: लॅपटॉप बॅटरीवर, पंखा बंद, हात साबणाने धुऊन मग स्पिरिट, प्रत्येक वेळी त्वचेचं तापमान आणि विश्रांतीचे सेकंद आधी डोळ्यांनी तपासून. एप्रिलच्या दुपारी पंख्याशिवाय शेडमध्ये बसायला मजूर कुरकुरले. मुकादमाने तर स्पष्टच विचारलं की ताई, आमचा थकवा मोजताय की वाढवताय. मीडियन फ्रिक्वेन्सी आता घसरते, शास्त्र सांगतं तशी. मुदतवाढीचा अर्ज करावा लागला आणि तो मंजूर झाला.

परिषदेच्या स्मरणिकेत छापलेल्या सारांशाचा प्रश्न उरला होता. सरांचं मत, सारांश कोण वाचतं, जाऊ द्या. विद्यार्थिनीने माघारीचं पत्र लिहिलं आणि त्यात कारण स्पष्ट दिलं. सरांनी सही करताना कारण खोडून ‘तांत्रिक कारणास्तव’ असं केलं. तिने ते मान्य केलं, पण दुसरं पान जोडलं: आपल्या हाताच्या विश्रांतीतल्या नोंदीची आकृती आणि खाली एक ओळ, की ही लाट स्नायूची नसून ५० हर्ट्झच्या पुरवठ्याची आहे. आयोजकांनी पत्र पोचल्याचं कळवलं आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर स्मरणिकेची जी प्रत आहे तीत सारांश हे लिहीपर्यंत तसाच होता, म्हणून तिने आता तिथल्या संपादकांना वेगळं पत्र पाठवलं आहे. त्यावर सरांचीही सही आहे आणि या वेळी कारण खोडलेलं नाही.